कारची बॅटरी: किती वर्षं चालते आणि बदलायची कधी?

चौथा_गिअर (मंगळवार, रात्री ९:४०)

लोकहो, जरा डोकं लढवा.

गाडीला सहा वर्षं झाली. कंपनीची मूळ बॅटरी साडेचार वर्षं चालली, तिच्याबद्दल तक्रार नाही. दुसरी चौदा महिन्यांत बसली. तिसरी बसवून पाच महिने झाले आणि काल सकाळी तिनंही मान टाकली. किल्ली फिरवली की डॅशबोर्डवरचे दिवे मंद होतात, बॉनेटखालून एक 'टक्' येतं आणि पुढे सगळं चिडीचूप. शेजाऱ्यांच्या गाडीच्या बॅटरीला तारा जोडून (जंप मारून) गाडी चालू केली आणि ऑफिस गाठलं. त्याआधीच्या सोमवारीही सेल्फ रडतखडतच फिरला होता.

वापर साधा आहे. सोमवार ते शुक्रवार ऑफिसला जाऊन-येऊन, एका बाजूला साधारण पस्तीस मिनिटं. शनिवार-रविवार गाडी उभी. पेट्रोल, मॅन्युअल, ४५ एएचची (अँपिअर-तास, म्हणजे वीज साठवायची क्षमता) बॅटरी. बाहेरून काहीही जोडलेलं नाही. डॅशकॅम नाही, ॲम्प्लिफायर नाही.

बॅटरी ज्यानं बसवली त्याला फोन केला तर म्हणे, "साहेब, तुमचं रनिंग कमी पडतंय." रोज तासाभराच्या वर गाडी चालते, अजून किती पळवू? दुसरी बॅटरी काढताना तर कोणी मीटरसुद्धा लावलं नव्हतं. जुनी उचलली, नवी ठेवली, विषय संपला.

प्रश्न दोन आहेत. बॅटरी साधारण किती वर्षं टिकायला हवी? आणि ती खरंच गेलीय की नाही, हे बदलण्याआधी कसं ओळखायचं?

मुक्कामपोस्ट (मंगळवार, रात्री ९:५८)

माझी सात वर्षं दोन महिने चालू आहे. दृष्ट लागू नये म्हणून बॉनेटच उघडत नाही.

रातराणी (मंगळवार, रात्री १०:१५)

माझा हिशेब सोपा आहे. तीन वर्षं झाली की बॅटरी बदलायची, चालत असली तरी. एकदा रात्री साडेअकराला झोपलेल्या लेकाला मागच्या सीटवर घेऊन रिकाम्या पार्किंगमध्ये अडकले होते. एक हात त्याच्या अंगावर आणि दुसऱ्या हातानं फोन लावतेय, पण कोणी उचलत नाही. त्या रात्रीनंतर हा नियम केला. कोणी उधळपट्टी म्हणालं तरी चालेल.

जुनाखटारा (मंगळवार, रात्री १०:३२)

रातराणीताई, उधळपट्टी नाही म्हणत, पण चालती बॅटरी काढणं म्हणजे तारीख बघून दात उपटण्यासारखं आहे. तपासून बघा ना आधी.

तांब्याची_तार (मंगळवार, रात्री ११:०५)

धागाकर्त्याचं 'सोमवार' वाचून माझे कान टवकारले. त्यावर येतोच, पण आधी किती वर्षांचं बघू.

साधारण तीन ते पाच वर्षं हे उत्तर सगळे देतात आणि ते चूक नाही. पण एकच बॅटरी एका गाडीत अडीच वर्षांत जाते, दुसरीत सात वर्षं चालते. कारण वय हे तिच्या मरणाच्या कारणांपैकी एक आहे आणि तेही मुख्य नव्हे. उष्णता, अर्धवट चार्जवर पडून राहणं आणि हादरे ही बाकीची तीन.

उष्णतेचं बघा. तापमान दहा अंशांनी वाढलं की आतल्या रासायनिक क्रिया जवळपास दुप्पट वेगानं होतात, हा रसायनशास्त्रातला ढोबळ नियम. त्यात बॅटरी झिजवणाऱ्या क्रियाही आल्या. धन पाट्यांच्या शिशाच्या जाळ्या गंजत जातात, पाणी उडतं. म्हणून तापलेल्या इंजिनाला खेटून बसलेली बॅटरी लवकर म्हातारी होते, आणि डिकीत किंवा सीटखाली बसवलेली जास्त टिकते. काही गाड्यांत बॅटरीभोवती काळं कापडी किंवा प्लॅस्टिकचं जाकीट असतं. बॅटरी बदलताना ते काढून कोपऱ्यात फेकलं जातं. ते उष्णतेसाठीच असतं, मागून घ्या.

गंमत अशी की बॅटरी मरते उन्हाळ्यात आणि कळतं थंडीत. गारठ्यात आतली क्रिया मंदावते, इंजिन ऑइल घट्ट होतं, सेल्फला जास्त जोर लागतो. उन्हाळ्यात कशीबशी निभावून नेलेली बॅटरी तिथं उघडी पडते. लोक मग थंडीला दोष देतात.

आता चौथा_गिअर, मला तीन आकडे द्या. साधा डिजिटल मल्टिमीटर पुरतो, डीसी २० व्होल्टवर ठेवायचा.

पहिला: गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी, दार उघडण्याआधी नाही जमलं तरी किल्ली लावण्याआधी, बॅटरीच्या दोन टर्मिनलवर किती व्होल्ट दिसतात. १२.६ किंवा जास्त म्हणजे भरलेली. १२.४ म्हणजे पाऊण. १२.२ म्हणजे निम्मी. १२.० म्हणजे पाव. नावाला १२ व्होल्टची असली तरी १२.० दाखवणारी बॅटरी जवळजवळ रिकामी असते, कारण आत सहा सेल आहेत आणि भरलेला प्रत्येक सेल २.१ व्होल्टचा असतो.

दुसरा: कोणाला तरी सेल्फ मारायला सांगून त्या दोन सेकंदांत आकडा कुठपर्यंत खाली जातो ते बघा. बॅटरी भरलेली असूनही ९.६ च्या खाली गेला तर ती दमलीय.

तिसरा: इंजिन चालू असताना. १३.८ ते १४.५ च्या आसपास हवा. दिवे, पंखा, मागची काच तापवणारी जाळी सगळं चालू करूनही १३.५ च्या खाली उतरायला नको.

शंकासूर (बुधवार, सकाळी ७:२०)

एवढा खटाटोप कशाला? बॅटरीवर छोटा गोल डोळा असतो. हिरवा दिसला की ठीक, काळा की चार्ज करा, पांढरट की बदला. माझा हिरवा आहे.

तांब्याची_तार (बुधवार, सकाळी ७:४५)

तो डोळा सहापैकी एकाच सेलमध्ये बसवलेला असतो. आत एक छोटी गोळी ॲसिडच्या घनतेप्रमाणे वर-खाली होते, एवढाच खेळ. उरलेल्या पाच सेलपैकी एक मेला असला तरी डोळा हिरवाच. काळा दिसला तर विश्वास ठेवा, हिरवा दिसला तर ठेवू नका.

अण्णा_पानावाले (बुधवार, सकाळी ९:१०)

दुकान उघडतोय, तोवर लिहितो.

बावीस वर्षं गाड्यांखाली पडून काढली. 'बॅटरी गेली' म्हणून आलेल्या बऱ्याच गाड्यांत बॅटरी गेलेलीच नसते. टर्मिनल उघडून बघा, पांढरी-हिरवी भुकटी साचलेली असते. क्लॅम्प हातानं फिरतो. परवाच एक गाडी टो होऊन आली. मी क्लॅम्पवर पान्याच्या मागच्या टोकानं टक्कन मारलं आणि मालकाला म्हटलं, सेल्फ मारा. पहिल्या झटक्यात चालू. माणूस माझ्याकडे असा बघायला लागला, जसा काही मी जादूगारच. मग क्लॅम्प काढला, खायचा सोडा पाण्यात कालवून ओतला, फसफसून झाल्यावर साध्या पाण्यानं धुतला, ब्रशनं आतून चकचकीत केला, बसवून वर व्हॅसलीनचा हात फिरवला. वीस मिनिटांचं काम. (झाकणवाली बॅटरी असेल तर सोड्याचं पाणी आत जाऊ देऊ नका. आतलं ॲसिड मारून टाकतं ते.)

काढताना आधी ऋण, लावताना आधी धन. उलटं केलंत आणि धनचा पाना चुकून बॉडीला टेकला तर पाना लाल होतो. मी पाहिलंय, अंगठीसकट.

बॅटरी खाली पट्टीनं घट्ट बसलीय का तेही बघा. पट्टी ढिली असेल तर खड्ड्याखड्ड्यात ती नाचते, पाट्यांवरचा माल गळून तळाशी साचतो, आणि एक दिवस आतल्या आत शॉर्ट. पट्टीचा एक बोल्ट हरवलेला म्हणून गेलेल्या बॅटऱ्या मी कैक बघितल्या.

चौथा_गिअर (गुरुवार, सकाळी ८:५०)

आकडे आले. मीटर ऑफिसातल्या मित्राकडून मागून आणलं.

काल रात्री घरी आल्यावर तासाभरानं: १२.५२
आज सकाळी ७ ला: १२.२९
सेल्फ मारताना: ९.४ पर्यंत गेला, पण गाडी चालू झाली
इंजिन चालू: १४.२, सगळे दिवे आणि पंखा लावून १३.९

टर्मिनल स्वच्छ, घट्ट. पट्टी घट्ट.

शंकासूर (गुरुवार, सकाळी ९:०५)

मग अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी भरणारा जनरेटर) ठीक, बॅटरी बाद. वॉरंटीत मागा, मोकळे व्हा.

तांब्याची_तार (गुरुवार, दुपारी १:३०)

घाई नको. बाद ठरवायला ती आधी पूर्ण भरलेली पाहिजे. निम्म्या भरलेल्या बॅटरीचा सेल्फच्या वेळी ९.४ वर जाणं हा तिचा गुन्हा म्हणता येणार नाही.

अल्टरनेटर खरोखर ठीक दिसतोय. मग एका रात्रीत १२.५२ वरून १२.२९ का? काही भाग वरवरच्या चार्जचा आहे. गाडी थांबल्यावर पहिले काही तास आकडा फुगलेला दिसतो. (घाई असेल तेव्हा हेडलाइट दोन मिनिटं लावून, बंद करून, थोडं थांबून मोजतात ते यासाठीच.) पण सव्वादोन दशांश फार झाले. कोणीतरी रात्रभर पितंय.

'रनिंग कमी' हे कारण कितपत खरं, त्याचा हिशेब करू. सेल्फ साधारण १५० अँपिअर दोन सेकंद ओढतो असं धरा. ३०० अँपिअर-सेकंद, भागिले ३६००, म्हणजे ०.०८ एएच. ४५ मधले ०.०८! अल्टरनेटर ते दोन-चार मिनिटांत भरून काढतो. पाच-पाच मिनिटांच्या फेऱ्या मारणाऱ्याची बॅटरी मरते हे खरं, पण सेल्फनं नव्हे. दिवे, पंखा, काचा तापवणारी जाळी यांतच अल्टरनेटरची कमाई संपते, आणि बॅटरी जसजशी भरत येते तसतशी करंट कमी घेते. शेवटचा पाचवा हिस्सा भरायला कित्येक तास लागतात. पस्तीस मिनिटांच्या दोन फेऱ्या वाईट नाहीत. तुमच्या बाबतीत दुखणं दुसरीकडे आहे.

कोणतीही आधुनिक गाडी बंद असतानाही थोडी वीज पिते: घड्याळ, अलार्म, रिमोटची वाट बघणारा रिसीव्हर. २० ते ५० मिलिअँपिअर चालतं. ५० धरले तर दिवसाला १.२ एएच. ४५ एएचची बॅटरी निम्मी व्हायला अठरा-एकोणीस दिवस. तुमची दोन दिवसांत लोळते. म्हणजे तिथं दसपट गळती असणार.

शनिवारी मोकळे असाल तर मोजू.

हायब्रिडवाली (गुरुवार, दुपारी ३:१५)

मध्येच विचारते. माझी हायब्रिड आहे, सेल्फ नावाचा प्रकारच नाही. तरी मागच्या महिन्यात १२ व्होल्टची छोटी बॅटरी बसली आणि गाडी उघडेचना. ना 'टक्', ना रडणं, कसलीही पूर्वसूचना नाही.

तांब्याची_तार (गुरुवार, दुपारी ३:४०)

तेच तर दुखणं. हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाड्यांतही ती छोटी बॅटरी असते. तिचं काम कॉम्प्युटर जागे करणं आणि मोठ्या बॅटरीचे कॉन्टॅक्टर, म्हणजे मोठे स्विच, ओढणं. त्याला करंट थोडा लागतो, म्हणून ती शेवटच्या दिवसापर्यंत धडधाकट दिसते. पेट्रोल गाडीचा सेल्फ निदान आठवडाभर आधी कण्हतो तरी. तुमच्यासारख्यांनी तिसऱ्या वर्षापासून सर्व्हिसिंगला ती मुद्दाम तपासून घ्यावी. आणि ज्या गाड्या सिग्नलला आपोआप बंद होतात, त्यांच्या मालकांसाठी: ते आपोआप बंद होणं थांबलं असेल तर आनंद मानू नका, बॅटरी थकल्याची ती पहिली चिठ्ठी असू शकते. अशा गाडीत एजीएम किंवा ईएफबी (वारंवार सेल्फ मारणं सोसणाऱ्या खास बॅटऱ्या) असेल तर नवीही त्याच जातीची घ्या. साधी बसवली तर दिवसाला पन्नास वेळा सेल्फ मारून तिचा वर्षात भुगा होतो.

मुक्कामपोस्ट (गुरुवार, रात्री ९:००)

तुम्ही लोकांनी घाबरवून बॉनेट उघडायला लावलं. १२.४५. सेल्फच्या वेळी ९.९. सात वर्षांच्या म्हातारीला बरंय म्हणायचं का?

अण्णा_पानावाले (गुरुवार, रात्री ९:४०)

बरंय, पण तिला आता एकटीला लांब प्रवासाला पाठवू नका. सात वर्षं म्हणजे उधारीवरचे दिवस. माझं गिऱ्हाइकांना सांगणं असं: तीन वर्षं झाली की दर सहा महिन्यांनी तपासून घ्या, पाच झाली की लांबच्या प्रवासाआधी बदलून टाका, मग तपासणी काही म्हणो. रातराणीताईंचं मला चूक वाटत नाही. रात्री-अपरात्री पोराबाळांना घेऊन फिरणाऱ्यानं वर्षभर आधी बदलली तर काय बिघडलं? हा हिशेब पैशाचा कमी आणि कुठं अडकून चालणार नाही याचा जास्त.

आणि काही बॅटऱ्या तपासायच्याच नसतात. डबा बाजूनं फुगलाय, कडेनं ॲसिड पाझरतंय, कुजक्या अंड्याचा वास येतोय, तर थेट बाहेर. वासवाली गाडी असेल तर अल्टरनेटरचा रेग्युलेटरही (व्होल्ट ताब्यात ठेवणारा भाग) बघा, नाहीतर नवीही तशीच शिजेल.

जुनाखटारा (गुरुवार, रात्री १०:१०)

अवांतर: ही शिसे-ॲसिडची बॅटरी फ्रान्समधल्या गॅस्तों प्लांते यांनी १८५९ साली केली. कार जन्माला यायच्या पंचवीसेक वर्षं आधी! नंतर १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये चार्ल्स केटरिंग यांचा विजेचा सेल्फ आला, तोवर लोक पुढून दांडा फिरवून गाडी चालू करत आणि तो उलटा फिरला की मनगट मोडून घेत. त्यामुळे सोमवारी 'टक्' आलं तर मनगट शाबूत आहे याचा आनंद मानावा.

चौथा_गिअर (गुरुवार, रात्री १०:२५)

आनंद मानला. शनिवारी काय करायचं ते सांगा.

तांब्याची_तार (शुक्रवार, सकाळी ८:००)

शुक्रवारी रात्री चार्जर मिळाला तर बॅटरी भरून घ्या. करंट एएचच्या एक दशांश, म्हणजे चार-साडेचार अँपिअर, रात्रभर. जागा हवेशीर हवी. भरताना हायड्रोजन निघतो आणि हवेत तो चार टक्के झाला तरी ठिणगी पुरते. म्हणून चार्जरचे चिमटे आधी लावायचे, मग स्विच. जंप मारतानाही शेवटचा काळा चिमटा मेलेल्या बॅटरीवर न लावता इंजिनच्या उघड्या धातूवर लांब लावतात, तो याच कारणानं.

शनिवारी: बॉनेट उघडं ठेवा. ड्रायव्हरचं दार उघडून त्याच्या कडेचं लॅच स्क्रूड्रायव्हरनं आत दाबा, म्हणजे गाडीला दार बंद वाटेल. रिमोटनं लॉक करा, किल्ली लांब ठेवा. मीटर १० अँपिअरच्या भोकात. ऋण क्लॅम्प ढिला करा, मीटरची एक सळई क्लॅम्पवर, दुसरी टर्मिनलवर धरूनच क्लॅम्प वर उचला, म्हणजे वीज तुटणार नाही आणि कॉम्प्युटर पुन्हा जागे होणार नाहीत. मग पाऊण तास चहा-पाणी करा, सगळे झोपू द्या. त्या अवस्थेत सेल्फ मारायचा नाही, मीटरचा फ्यूज क्षणात जाईल.

आणि बॅटरीवरची बनवल्याची तारीख वाचून टाका.

चौथा_गिअर (शनिवार, दुपारी १२:४०)

सुरुवातीला ३ अँपिअरच्या वर होतं. दहा मिनिटांनी ०.९. आता पाऊण तासानं ०.४५ वर अडलंय, हलतच नाही.

आणि तारीख! बॅटरी मी घेतली त्याच्या अकरा महिने आधी बनलेली. नवी म्हणून मला जवळजवळ वर्षाची शिळी दिली होती.

तांब्याची_तार (शनिवार, दुपारी १:००)

४५० मिलिअँपिअर. सापडला चोर, आता घर शोधू.

शिळ्या बॅटरीबद्दल: पडून राहिलेली बॅटरी स्वतःहूनही उतरत जाते. मधे कोणी चार्ज केली नाही तर पाट्यांवर शिशाच्या सल्फेटचा थर बसतो. ताजा असताना तो मऊ, चार्ज केला की विरघळतो. महिनोन्महिने तसाच राहिला की खडे होतात आणि तेवढी पाटी कामातून जाते. १२.४ च्या खाली उभी ठेवलेली कोणतीही बॅटरी रोज थोडी थोडी दगड होत असते. घेताना तीन महिन्यांपेक्षा जुनी नको म्हणायचं आणि बसवण्याआधी आपल्यासमोर व्होल्ट मोजून घ्यायचे. १२.५ च्या खाली असेल तर दुसरी आणा म्हणावं.

आता फ्यूज उपटू नका, उपटले की कोणीतरी जागं होईल. मीटर मिलिव्होल्टवर करून प्रत्येक फ्यूजच्या माथ्यावरच्या दोन उघड्या ठिपक्यांना सळया लावा. (क्लॅम्प परत बसवून, पुन्हा झोपू देऊन.) करंट जात नसेल तिथं शून्य. जिथं दोन-तीन मिलिव्होल्ट दिसतील तो रस्ता.

चौथा_गिअर (शनिवार, सायंकाळी ५:१५)

छत्तीस फ्यूज मोजले, पाठ गेली. सगळीकडे ०.०, एकाच ठिकाणी ३.१. झाकणावरच्या चित्राप्रमाणे तो 'रूम लॅम्प'. पण आतला दिवा बंद आहे, मी काचेतून बघितलं!

रातराणी (शनिवार, सायंकाळी ५:३०)

ग्लोव्ह बॉक्सचा दिवा? डिकीचा? फ्रिजचा दिवा दार लावल्यावर बंद होतो की नाही, हे लहानपणी कसं शोधायचो आपण! फोनवर व्हिडिओ चालू करून आत ठेवा आणि डिकी लावा.

अण्णा_पानावाले (शनिवार, सायंकाळी ५:५०)

वा ताई. मी डिकी उघडून बल्बला बोट लावतो. चटका बसला तर तोच. पण तुमचं जास्त सभ्य आहे.

चौथा_गिअर (शनिवार, सायंकाळी ६:२०)

मंडळी, साष्टांग दंडवत.

व्हिडिओ बघतोय. डिकीचं झाकण खाली येतंय, 'धप्प' आवाज, आणि आत लख्ख उजेड. स्टेपनीच्या झाकणावरचे धागे मोजता येतील इतका. दोन मिनिटं तसाच व्हिडिओ. ५ वॅटचा बल्ब.

आणि आता आठवलं. दीड वर्षापूर्वी मागून एकानं ठोकलं होतं, डिकीचं झाकण आणि लॅच बदलून घेतलं होतं. मूळ बॅटरी बदलल्यावर महिनाभरातच. म्हणजे दुसऱ्या बॅटरीपासून हा दिवा अखंड जळतोय! अखंड दिवा फक्त देवापुढे ऐकला होता.

तांब्याची_तार (शनिवार, सायंकाळी ६:५०)

हिशेब जुळतो बघा. ५ भागिले १२, म्हणजे ०.४२ अँपिअर. शुक्रवार संध्याकाळ ते सोमवार सकाळ साठ तास: २५ एएच. ४५ मधले २५ गेले. दर आठवड्याला निम्म्याहून खाली उतरायचं आणि रोजच्या फेऱ्यांत अर्धवट भरायचं. सेल्फची बॅटरी ह्यासाठी बनलेलीच नाही. तिच्या पाट्या पातळ आणि पुष्कळ असतात, क्षणभर मोठा करंट द्यायला. खोल उतरवून पुन्हा भरण्याचं काम इन्व्हर्टरच्या जाड पाट्यांच्या बॅटरीचं. दुसरी बिचारी चौदा महिने टिकली हेच नवल. तिसरी शिळी आलेली, म्हणून पाच महिन्यांतच कण्हली.

दुरुस्ती: लॅचमधला छोटा स्विच दबत नसणार. तोवर बल्ब काढून ठेवा.

शंकासूर (शनिवार, रात्री ८:१०)

मी 'वॉरंटीत मागा, मोकळे व्हा' म्हणालो होतो. शब्द मागे. चौथी बॅटरीही खाल्ली असती त्या दिव्यानं. पण मग ही तिसरी आता वाचणार का?

अण्णा_पानावाले (शनिवार, रात्री ८:३०)

हळू चार्जवर दोनदा भरा, एक दिवस तशीच ठेवा, मग कोणाकडे टेस्टर असेल त्याच्याकडे सीसीए बघून घ्या. सीसीए म्हणजे उणे १८ अंशांत तीस सेकंद किती अँपिअर देते तो आकडा, बॅटरीवर छापलेला असतो. टेस्टर बर्फात नेत नाही हो, आतला अडथळा मोजून अंदाज काढतो. छापलेल्याच्या सत्तर-पंचाहत्तर टक्क्यांच्या वर आला तर वापरा. अर्ध्यावर आला तर हात जोडा. आणि हो, अर्धवट चार्जवर टेस्ट करून 'बाद' म्हणणाऱ्याला पुन्हा भरून करायला सांगा.

मुक्कामपोस्ट (रविवार, सकाळी १०:००)

मीही डिकीत फोन ठेवून बघितला. अंधार. पण फोनचा अलार्म आत वाजायला लागला आणि किल्ली वरच्या मजल्यावर.

चौथा_गिअर (सोमवार, सकाळी ८:१५)

१२.६१. पहिल्या सेल्फला चालू.

चौथा_गिअर (दोन आठवड्यांनी, रविवार, दुपारी ४:००)

दोनदा हळू चार्ज केली आणि टेस्ट करून घेतली. बॅटरीवर ३६० छापलंय, टेस्टरनं २९५ दाखवले. अण्णांच्या हिशेबात बसते, म्हणून ठेवलीय. सहा महिन्यांनी पुन्हा बघेन. सोमवारचे आकडे १२.६०, १२.५८. गळती आता २५ मिलिअँपिअर.

रातराणी (रविवार, दुपारी ४:२०)

आणि दिवा?

चौथा_गिअर (रविवार, दुपारी ४:२५)

बल्ब काढून ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवलाय. लॅचचा स्विच मागवलाय, अजून आला नाही. सध्या डिकीत टॉर्च घेऊन जातो.